खाली सही करणार

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसाठ,
धंदा टायपिंग, धोबीतलावला लघुवाद कोर्टाच्या भिंतीलगत,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की
पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा
काल बीट खाल्लं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.
आमच्याकडे बीट कुणी आणत नाही.

फणसवाडीत आमच्या मजल्याला संडास तीन.
एकाची कडी तुटलेली, कोपऱ्यातल्यात दिवा नाही.
कोण कितीदा गेलं याचा हिशेब
कठड्याशी बसलेल्या तांडेलमावशींकडे.
"आज सातवी खेप ना हो, चोणकर?"
मूळव्याध, म्हटलं.
मूळव्याध हा शब्द चारचौघांत चालतो. त्यावर सुरण सांगता येतो,
ताक सांगता येतं, पेणचा वैदू सांगता येतो.
गुदाशयाचा दाह म्हटलं
की माणसं चपला शोधू लागतात.

नायरमध्ये डॉक्टर गांगर, माझ्या थोरलीच्या वयाची.
नळी आत, आणि पडद्यावर मी:
लाल, ओला, जागोजाग खरचटलेला.
तीस वर्षं 'वादग्रस्त जागा' टाइप करतोय,
पूर्वेस गल्ली, पश्चिमेस सामाईक भिंत.
ही जागा आज पहिल्यांदा पाहिली.

"काका, हा कॅन्सर वाटत नाही."
इथंच थांबली असती तर!
"शेवटच्या वीतभरातच राहिलं तर फार भ्यायचं नाही.
पण वर सरकलं, वर्षानुवर्षं धुमसत राहिलं,
तर पेशी नव्यानं बनताना कधीतरी चुकतात.
म्हणून बघत राहायचं."

चुकतात.
हे मला कुणी समजवायला नको.
तेच पान चाळीसदा बडवलं की एकेचाळिसाव्यांदा
बोट घसरतं, 'वारस'चा 'वास' होतो,
आणि कार्बन ती चूक निमूटपणे
खालच्या चार प्रतींवर उतरवत जातो.

सहा तुकडे काढले. रिपोर्ट दहा दिवसांनी.
सुलक्षणा काही बोलली नाही.
क्रॉफर्ड मार्केटातून पोहायची रबरी रिंग घेऊन आली,
पिवळी, पुढे बदकाचं तोंड.
स्टुलावर ती, तिच्यावर मी. वकील सुरती हसून गेले.
बदक दहा दिवस
माझ्यासोबत प्रतिज्ञापत्रं वाचत होतं.

रिपोर्ट आला. सवयीनं आधी चुका तपासल्या.
वय: पंचाण्णव. अंक उलटे पडलेत.
मग खाली: दाह आहे. पेशींत घातक बदल नाही.
पुढच्या वर्षी पुन्हा.
वय दुरुस्त करून घ्या, म्हणाली खिडकीवरची बाई.
असू दे, म्हटलं.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, कितवी?
पाचवी. आणि मावशी, ती मूळव्याध नव्हे.
जे आहे ते सांगितलं, जागेच्या नावासकट.
त्यांनी चपला शोधल्या नाहीत.
बराच वेळ कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"त्या कोपऱ्यातल्यात उद्या बल्ब लावून घेते."