हातचा एक

हिशेबाची वही माझ्याकडे.
रंगांतलं मला कळत नाही. मी चौकटी करतो,
ओकच्या, कधी मेपलच्या,
आणि गाडी चालवतो.
मारेन शेजारी बसून काचेवर बोटानं
क्षितिजं मोजत असते.

मार्चमध्ये डुलुथहून निघालो
तेव्हा सरोवर गोठलेलंच होतं.
व्हॅनमध्ये बासष्ट कोरे फळे, एक स्टोव्ह,
आणि टर्पेंटाइनचा वास, जो पुढे पावालाही लागला.
वाटेत नेब्रास्का. लूप नदीच्या काठी
तिनं तीन निष्पर्ण कॉटनवूड काढले,
हातमोजे घालून, घाईघाईनं.
मला ते चित्र काही विशेष वाटलं नाही.

मग यूटा. तांबडे कडे.
पहाटे साडेपाचला ती तिवईपाशी,
मी मागे छत्री धरून:
फळ्यावर ऊन पडलं की रंग खोटं बोलतात, म्हणे.
चाळीस मिनिटं. मग सावली सरकते.
"आता हे दुसरंच चित्र झालं," म्हणत
ती कुंचले पुसायला घेते.
मी लिहितो: पेट्रोल, अठ्ठेचाळीस डॉलर.

सांता फेला तंबू आमचा, भाडंही आमचंच.
लोक वाकून किंमत वाचायचे
आणि सरळ होईपर्यंत चेहरा बदललेला.
एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा
पर्समध्ये घेऊन आली होती, जुळतं काही हवं म्हणून.
मारेननं तो तुकडा उन्हात धरला, बराच वेळ.
"हा करडा नाही हो, यात जांभळा आहे."
बाई हरखून गेली.
चित्र न घेता गेली.

जुलैत मेनचा किनारा. ओहोटी, चिखल, लॉब्स्टरचे पिंजरे.
टोबायस नावाचा कोळी मागे उभा राहून
सबंध सिगारेट संपवून म्हणाला,
"ओहोटीला दोर असा ताठ नसतो."
तिनं दोर पुसला. पुन्हा काढला. सैल.
त्याच दिवशी ओल्या आभाळात एक डास चिकटला.
मी चिमटा आणायला धावलो.
"राहू दे," म्हणाली, "आभाळाला तीट लागली."
सप्टेंबरात ते चित्र सर्वांत आधी खपलं,
आणि घेणाऱ्यानं डासावर नख ठेवून विचारलं,
"म्हणजे तुम्ही खरंच तिथं होतात?"

ऑक्टोबर. परत नेब्रास्का,
ग्रंथालयाच्या हॉलमधलं प्रदर्शन, कॉफी फुकट.
ऑर्विल प्रोहास्का, वय नव्वदीला टेकलेलं,
तीन झाडांसमोर थांबला तो थांबलाच.
"मधलं गेलं. सोमवारी.
नदीवर कलत होतं, मीच कापायला लावलं."
किंमत विचारली. मी सांगितली.
त्यानं टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक दाराशी,
मागे चार ओल्या फळ्या, चिरून आणलेल्या.
"चौकटीला चालतील?"

चालत नाहीत. कॉटनवूड पिळतं,
रंधा मारला की लव उठते,
खिळा धरत नाही. हे सगळं
माझ्या ओठांवर आलं होतं.
मारेन म्हणाली, "वाळायला वर्ष लागेल."
"मला घाई नाही," नव्वदीचा माणूस म्हणाला,
आणि चित्राकडे वळूनही न बघता गेला.

आता जानेवारी. वही उघडून बसलोय.
बासष्ट फळे.
एकोणीस विकले,
चौदा तिनं स्वतःच खरवडले,
सत्तावीस भिंतीकडे तोंड करून उभे,
एक कोराच परत आला.
आणि हा एक.
जमेत धरता येत नाही, खर्चीही टाकता येत नाही,
चौकटीचं लाकूड अजून नदीच पितंय.
समासात हातचा म्हणून लिहून ठेवला.

रात्री गॅरेजमधून कधी कधी
तड् असा आवाज येतो.
मी उठून बसतो.
मारेन कूस बदलते, झोपेतच:
"वाळतंय."