माग बंद

टाईलचं नंतर.
आधी लाकूड काय म्हणतंय ते ऐकायचं.

साखर पेठ. खाली दोन माग, वर स्वयंपाकघर,
मधे सागाच्या फळ्या, व्यंकम्माच्या सासऱ्याने ठोकलेल्या.
मी चपला काढल्या, टाचेने एक दणका दिला.
मांडणीतल्या वाट्या बोलल्या.
"वाकतंय," मी म्हणालो.
"घर हाय, वाकणारच की," म्हणत तिने चहा ठेवला.

मेणकापड सोललं.
खाली ज्वारीची पिठी थरावर थर,
हिरव्या सुताचा गुंता, चार आण्याचं नाणं,
विडीला कापलेल्या पानाची कड.
मोरीजवळच्या फळीत बोट खव्यात जावं तसं गेलं.
ती कापून काढली, तर भोकातून खालचा माग दिसला:
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि नागनाथचं टक्कल.
त्याने वर बघितलं नाही.

खिळ्यावर माझा भरवसा नाही.
हलता हलता सैल होतो, मग रात्रभर कुरकुरतो.
वितीवितीवर स्क्रू मारले, थेट तुळईत.
तुळयांच्या मधे आडवे ठोकळे.
वर प्लाय, फळ्यांना आडवा, सांध्यावर सांधा न येता,
भिंतीपाशी करंगळीएवढी फट.
लाकूड फुगतं. त्यालाही अंग टाकायला जागा पाहिजे.

पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधे आला, पण ठरेना.
जरा डावा, जरा उजवा,
खाली धोटा जाईल तसा.

"मसाला धरेपर्यंत माग बंद लागतील.
आजची दुपार, उद्याचा दिवस."
नागनाथ जिन्यात आला, कोपरापर्यंत ग्रीस.
"दीड दिवसाच्या चादरी कोण भरून देणार, दस्तगीरभाई? तुमची टाईल?"
व्यंकम्मा काहीच बोलली नाही.
त्याच्या बाजूने खाली उतरली.
खटका पडला.

आवाज गेला तसे माझे कानच दुखले.
शेजारचा पंखा ऐकू आला.
गॅसवरचं दूध वर यायच्या आधी
जे पुटपुटतं, तेसुद्धा.
ती जिन्यातच बसून राहिली,
लांबून कोणीतरी तेलुगूत
माहेरच्या नावाने हाक मारल्यासारखी.

बुडबुडा ठरला.
दातेरी थापीने मसाला ओढला,
पहिली टाईल ठेवली, तळव्याने दाबली,
हात लगेच काढला नाही.

दुपारी नागनाथ वर आला,
दारातूनच ओरडला, "अजून किती येळ?"
घरात ओरडण्यासारखं काही नव्हतं.
"व्हतंय, व्हतंय!"
मीही ओरडूनच सांगितलं.