चष्म्याचं घर

आधी मी त्याला लिहिलं 'वडापाव वस्ताद'.
पोटावर पीठ, डोक्यावर कढई.
भांडुपच्या बॅडमिंटन हॉलात त्या रविवारी
एकशे चाळीस माणसं होती. हसली तीन,
त्यातला एक हॉलचा मालक.

मग 'भूत पैलवान'. चादर दोरात अडकली.
मग 'जावई', कुस्तीआधी मानपान मागणारा.
कागदावर तो बरा होता.

खरपुडे काही बोलला नाही.
दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो तो, मुलुंड ते घाटकोपर.
दोन मजल्यांच्या मधे
थांबायची सवय आहे त्याला.
मॅटवर बसून गुडघ्याला पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"ताई, तुम्ही मला हसवायला पाठवताय.
कामाला पाठवा."

कामाला.
रात्री आमच्या जिन्याखालच्या नोटीसबोर्डापुढे उभी राहिले:
'गॅलरीत कुंड्या ठेवू नयेत. हुकुमावरून.'
आणि तो मला दिसला, खाली सही करताना.

सेक्रेटरी सबनीस.
सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत पावतीपुस्तक.
ते कुस्ती खेळायला येतच नाहीत मुळी,
तक्रार आली म्हणून येतात.
समोरचा उचलायला लागला की विचारतात,
ना हरकत दाखला आहे का?
उचलल्यावरही विचारतात, हवेत, उलटे.
दुपारी दोन ते चार आपटण्यास सक्त मनाई.

नियम एकच लिहून दिला मी:
आपण विनोदी आहोत हे सबनीसांना माहीत नाही.
लोक हसले की त्यांनी फक्त घड्याळ बघावं.

बाकी सगळं खरपुडेचं.
पहिल्याच तालमीत गिधाड अंगावर धावून आलं
(गिधाड म्हणजे आमचा खलनायक, नालासोपाऱ्याचा ऑल्विन तुस्कानो,
सव्वाशे किलो, छातीवर रंगवलेली चोच)
तर यानं एक बोट वर केलं. थांबा.
चष्मा काढला. फुंकर मारली. रुमालानं पुसली
एक काच, मग दुसरी, मग परत पहिली.
घरात ठेवला. घर मिटलं, टक्.
आणि ते गिधाडाच्या हातात दिलं.
"जरा धरा."

आणि ऑल्विननं धरलं!
मी लिहिलं नव्हतं हे. कुणीच नव्हतं लिहिलं.
एवढा थोरला राक्षस, आता एका हातानं लढायचं त्यानं,
दुसऱ्यात परक्या माणसाची नजर.
वहीत मी तीन रेघा ओढल्या:
खाली ठेवायचं नाही. काही झालं तरी.

सतराव्या रविवारी पाचशे लोक.
मागच्या रांगा मेंटेनन्सच्या खऱ्या पावत्या फडफडवत होत्या,
घरून आणलेल्या, काही न भरलेल्या.
सबनीस दोरावरून पडले
आणि गुडघा भलत्याच दिशेला गेला.
हशा. शिट्ट्या. 'पावती फाडा, पावती फाडा!'

आमची एक खूण असते.
हात दोनदा दाबला तर सगळं ठीक, चालू दे.
ऑल्विन वाकला,
मोकळ्या हातानं त्याचा हात धरला
आणि वाट बघत राहिला.
पाचशे माणसं हसत होती. क्षणभर मीही,
कारण पडला छान होता.

खरपुडेनं घड्याळ बघितलं.
स्ट्रेचरवरही बघितलं, दारातून बाहेर जाईपर्यंत.

रात्री अडीचला फोन वाजला.
मी मुलुंडच्या हॉस्पिटलात, बाकावर,
मांडीवर कुणाचं तरी पावतीपुस्तक.
ऑल्विन. तोंडावरचा रंग अजून धुतला नसावा,
आवाज तसा येत होता.
"ताई, ते घर माझ्याकडंच राहिलं.
रिक्षात, जिना चढताना, हातातच होतं.
आता बायकोनं ताट वाढलंय.
कुठं ठेवू?"