प्रश्न क्रमांक दोनशे चौदा

मंत्रीबाईंची उत्तरे मी लिहितो.
डब्लिनच्या सभागृहात त्या उभ्या राहतात
आणि मी मागच्या बाकावर, मांडीवर हिरव्या फितीची फाइल,
प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास धरून.

डर्व्हला हेनेगन. खाती दोन :
एक समुद्रापलीकडच्या मदतीचे,
एक गावरस्त्यांचे.
कुणी केली ही वाटणी, कुणास ठाऊक.
गुरुवारी दुपारी दोन्ही एकाच तासात उरकतात.

दोनशे चौदा : मलावीतल्या शाळांचे दुपारचे जेवण,
यंदा किती, आणि इतकेच का?
दोनशे पंधरा : किलनागॉसच्या पुलावरचा खड्डा,
बुजणार कधी?

खरे सांगायचे तर
दोन्ही उत्तरांची सुरुवात मी एकच ठेवतो.
'शासनाला या बाबीच्या गांभीर्याची पूर्ण जाणीव आहे.'
हे वाक्य माझ्या आधीच्या कारकुनाचे,
त्याला ते त्याच्या आधीच्याकडून मिळालेले,
वापरून वापरून गुळगुळीत, हातातून निसटणारे.

तर निसटले.
बुधवारी रात्री पोराला ताप होता, पाने उलटसुलट लागली,
आणि बाई अकरा माणसांसमोर ठाम आवाजात वाचत गेल्या :
'मलावीतल्या शाळकरी मुलांवर
हिवाळ्यापूर्वी डांबराचा थर देण्यात येईल.'

सगळे एकदम जागे झाले.
विरोधी बाकावरचे फिंटन टायरेल
चष्मा काढून डोळे पुसू लागले.
अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला आणि तिथेच विसरले.
माझ्या कानशिलांवरून घाम.

बाईंनी कागद पालथा ठेवला.
म्हणाल्या, हसा, हसण्यासारखेच आहे.
परवा शनिवारी असुंता मॅकनिफ आल्या होत्या,
पबमागच्या त्या खोलीत, जिथे मी लोकांना भेटते.
खुब्याच्या ऑपरेशनसाठी तीन वर्षे रांगेत.
काठी टेबलावर आपटून म्हणाल्या,
माझे हाड इथे झिजतेय आणि तू पैसे तिकडे धाडतेस,
लाज कशी वाटत नाही गं तुला?
मी आकडे सांगू लागले :
शंभर युरोतले सत्तर सेंट द्यायचे कबूल केलेय,
अजून निम्म्यावरच घुटमळतोय...
त्यांनी ऐकून घेतले.
मग पिशवीतून पुठ्ठ्याचा डबा काढला,
ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत चिल्लर टाकतात तो.
हा पोचता कर, म्हणाल्या. बँकेत नको, मोजायचेसुद्धा पैसे घेतात मेले.
आणि पुलाचे बघ. अँब्युलन्स त्याच पुलावरून येते.

मी विचारले, मग मघाशी काय बोललात?
'ते तुला बोलले. हे त्यांना आहे.'

तेव्हा कुठे घंटा वाजली.
वेळ संपून चाळीस सेकंद झाले होते.
दोनशे पंधराचे उत्तर राहूनच गेले.

संध्याकाळी इतिवृत्त शाखेचा फोन :
डांबराचे वाक्य गाळायचे का?
बाई बूट काढून सुजलेले पाऊल चोळत होत्या.
राहू दे, म्हणाल्या. तुझे ते गांभीर्याचे वाक्य गाळ त्यापेक्षा.
ते गाळता येत नाही, मी म्हटले,
ते सभागृहात बोलून झालेय.

डबा अजून माझ्या टेबलावर आहे.
अशी रक्कम जमा करून घ्यायला कुठल्याच अर्जात रकाना नाही.
तीन टिपणे लिहिली, तीन खात्यांनी परत पाठवली.
सत्तेचाळीस युरो, वर काही सेंट,
आणि सामन माशाचे एक जुने नाणे, आता न चालणारे.
खिडकी उघडली की फाइल उडते,
म्हणून तो तिच्यावर ठेवतो.

पुढच्या गुरुवारचे प्रश्न आलेत. किलनागॉस पुन्हा.
मी लिहितो : 'शासनाला'
आणि पेन बाजूला ठेवून
खड्डा नेमका किती खोल आहे ते विचारायला
तिथल्या अँब्युलन्स-चालकाचा नंबर शोधू लागतो.