उपडी घागर

पुण्याच्या टाकीत काल तिसऱ्यांदा
माझा पूल उचलला गेला.
एकास वीस मापाचा. लाट समोरून आली,
खांबांना शिवली, खाली शिरली,
आणि गाळा बेअरिंगवरून अलगद उठला,
निजलेल्या पोराला कुणी कडेवर घ्यावं तसा.
मग पलीकडे टाकून दिला.
खांब उभेच होते. ओरखडासुद्धा नाही.

आकडे घेऊन मी मुडावदला आले.
इथून समुद्र दिसत नाही, हवेला मीठ नाही.
केळीची फाटकी पानं,
आणि पांझरा तापीला भेटते तिथे दोन रंगांचं पाणी
थोडा वेळ एकमेकांना टाळत चालतं.
जातं मात्र तिकडेच, पश्चिमेला,
जिथे अमावस्येच्या भरतीवर वादळ चढलं
की खाडी एका रात्रीत दोन पुरुष उंच होते.

हिरामणकाकांनी नकाशा उलटा धरून पाहिला.
उभा जन्म डोंगा वल्हवला त्यांनी.
वरच्या अंगाला रस्त्याचा पूल झाला
तेव्हापासून डोंगा गोठ्यात आहे, त्यात कडबा भरतात.
मी म्हटलं, वजन वाढवलं, लोखंड दुप्पट केलं,
तरी उचलतंय.
'पानी ढकलस ते समजस. तुन्हा पुलना पोटमा काय शे?'
काही नाही. तुळया. तुळयांमध्ये पोकळी.
'पोकळीमा?'
हवा, म्हटलं,
आणि म्हणता म्हणता गप्प झाले.

चुलीमागची पत्र्याची घागर त्यांनी काढली,
जिच्या पोटाला मिठी मारून
मी याच डोहात पोहायला शिकले होते.
कमरेएवढ्या पाण्यात उपडी धरली. म्हणाले, 'दाब.'
मी दाबली. माझं सगळं वजन, सगळं शिक्षण.
घागरीने मला वर ढकललं.

मग त्यांनी बुडाला चिकटवलेला
जुना डांबराचा गोळा नखाने उकरला.
एक कोमट उसासा तळहाताला लागला,
एवढंच,
आणि घागर निमूट खाली गेली.

रात्री मी स्लॅबला भोकं पाडली,
दोन तुळयांमधल्या प्रत्येक कप्प्याला.
गाळे खांबांशी जखडले, सरकू नयेत म्हणून.
उंचीही दीड मीटरने वाढवली,
कारण नुसत्या भोकांनी भागत नाही,
डोह म्हणजे काही समुद्र नव्हे.
हे टाइप करताना जरा चोरट्यासारखं वाटलं.
अहवालात शेवटी 'संदर्भ' असा रकाना असतो.
तिथे कर्सर लुकलुकत राहिला, पहाटेपर्यंत.

सकाळी काका पाण्यात, धोतर खोचून,
बांबूने गाळ चाचपत होते.
घागर लागत नव्हती.
'तुन्हा पूल ऱ्हायना,' ते म्हणाले, माझ्याकडे न बघता,
'मन्ही घागर गयी.
येतांना नवी लयी येजो.
बिगर भोकनी.'