साल

ऑक्टोबरात गाव रिकामं होतं, शाळेलाही टाळं.
सगळे वर, आर्स्लानबॉबच्या अक्रोडांच्या रानात:
ताडपत्रीचे तंबू, एक गाय, दोन गाढवं,
आणि रात्री शेकोटीभोवती आम्ही सात-आठ जणी
हिरवी साल सोलत.

सालीचा रस बोटांत मुरतो, काळा पडतो.
साबणानं जात नाही, राखेनं जात नाही.
डिसेंबरातल्या लग्नांनाही
आम्ही हेच हात घेऊन जातो.

त्या रात्री मुकद्दस आपा
हरवलेल्या गाढवाची गोष्ट सांगत होती, तिसऱ्यांदा,
आणि आम्ही हसत होतो, तिसऱ्यांदाच,
तेव्हा सनोबर मान वर न करता म्हणाली,
"माझा इल्होम मॉस्कोत कामाला नाही.
तुरुंगात आहे. चार वर्षं झाली."
एक अक्रोड टोपलीत टाकला, दुसरा उचलला.
"त्यानं पाठवला म्हणून दाखवला ना, तो कोट
मीच आणला ओशच्या बाजारातून.
कानातलं मोडून."

गाढव तसंच राहिलं, अर्ध्या डोंगरात.
कुणी हळहळलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही.
आपानं तिचा गार चहा शेकोटीत ओतला,
किटलीतला नवा दिला.

मग बराच वेळ नुसत्या साली.
आणि माझी सासू, जी उंबऱ्याशीही भांडते,
म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी होती.
अकरा दिवस."
हे मला म्हणाली की शेकोटीला, कळलं नाही.

माझ्या घशात तीन वर्षांचा आवंढा.
"माझंही एक..." एवढंच आलं.
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"त्या साली एकदा तू पिठात दोनदा मीठ घातलंस.
मी ती रोटी खाल्ली."

खाल्ली होती. सगळी. मी पाहिलं होतं,
आणि वाटलं होतं, हिला चवच कळत नाही.

ढीग काही संपला नाही त्या रात्री.
दोघी तर उगाचच रडल्या, स्वतःचं काही न सांगता.
सांगतील, किंवा नाही. रान मोठं आहे.

सकाळी कडाक्याची थंडी. सनोबरनं तोच कोट घातला.
आपानं काळ्या बोटांनी
तिचं वरचं बटण लावून दिलं, कापड चिमटीत धरून पाहिलं:
"चांगलंय गं. कितीला पडला?"

आणि सनोबरनं
पहिल्यांदाच खरी किंमत सांगितली.
"लुटलं तुला," आपा म्हणाली.