हे आभाय कोनाचं

वणी-घुग्घुस रस्त्याला माझा स्टुडिओ.
शटरवर कोळशाची धूळ. रोज पुसतो, रोज बसते.
आमच्याकडचं आभाळ फोटोत बरं येत नाही,
उन्हाळ्यात पांढरं फटक, एरवी
ताकात राख कालवावी तसं.

म्हणून कॉम्प्युटरात एक फोल्डर आहे.
एकशे बारा आभाळं,
भाच्यानं पेनड्राईव्हमध्ये आणून दिलेली.
कुठल्या मुलखातली, त्यालाही ठाऊक नाही.
मला त्यातलं सदतिसावं आवडतं :
निळंशार, उजव्या अंगाला एकच ढग,
कान टवकारलेल्या सशासारखा.
तो ससा बोढ्यांच्या साखरपुड्यावर आहे,
सरपंचाच्या नव्या ट्रॅक्टरवर आहे,
सातवीच्या निरोप समारंभावर आहे.
कोणी विचारलं नाही कधी
हा एकटा ससा इतक्या गावांवरून कसा फिरतो.

काम फार नसतं.
एक बटण दाबलं की आभाळ आपलं आपण सुटं होतं.
उरतं ते बारीकसारीक :
कडुनिंबाच्या पानांतल्या फटी,
कमरेवर ठेवलेल्या हाताचा तिकोन,
उडालेले केस.
तिथे जुनं आभाळ चिकटून बसतं.
मोठं करून, श्वास धरून, ते पुसावं लागतं.
जुनं मी खोडत नाही मात्र.
त्याच्या थरापुढे एक चिमुकला डोळा असतो,
तो फक्त मिटतो.

पंचफुला टोंगे परवा फोटो न्यायला आली.
ती आणि डोमाजी, नव्या घराच्या स्लॅबवर,
पोरानं मोबाईलवर काढलेला,
हॉलमध्ये लावायला मोठा करून हवा होता.
मी सशासकट दिला.
तिनं पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली.
"हे आभाय कोनाचं होय भाऊ?"

मी म्हटलं, चांगलं दिसतं.
"चांगलं त दिसते.
पन मंग हा वरते कावून पाहून राहिला?"

आणि मला डोमाजी तेव्हा दिसला.
तीन तास मी त्याच्या कानाची कड घासत होतो,
सदऱ्याची सुरकुती काढली, गालाचा डाग काढला.
मान वर आहे, हे पाहिलंच नव्हतं.
कॅमेऱ्याकडे नाही, बायकोकडे नाही,
तोंड किंचित उघडं, नजर वर.
निळ्याखाली तो
पतंग हरवलेल्या पोरासारखा दिसत होता.

"स्लॅप पडला अन् दुपारी हे असं भरून आलं.
कायंभोर.
ओला स्लॅप, पानी पडलं असतं त
सिमिट गेलं असतं धुऊन.
चार घरच्या ताडपत्र्या आनल्या, पुरल्या नाई.
हा रातभर पायरीवर बसून. मी बी.
पडलं नाई.
पडलंच नाई, भाऊ."

मी मिटलेला डोळा उघडला.
जुनं आभाळ आलं, तेच राखाडी ताक.
मोबाईलला काळं कळत नाही, त्यानं पांढुरकं करून टाकलेलं.
ती म्हणाली, "इतलं फिक्कं नव्हतं."
मग मी खुर्ची सरकवली, ती माझ्या खांद्यामागे उभी राहिली,
मी एक दांडी डावीकडे ओढत गेलो
आणि ती सांगत गेली :
अजून.
अजून थोडं.
तिकडे, निंबाकडे जास्त होतं.
अजून.
हां. थांब.
बस, एवढंच होतं.

आम्ही दोघंही बोललो नाही जरा वेळ.
पडद्यावर डोमाजीला आता कारण होतं.

दोन्ही फोटो नेले तिनं.
"निळा हॉलमध्ये लावतो, पाहुन्याईसाठी.
हा आत."
दुसऱ्या फ्रेमचे पन्नास कमी करून घेतले,
वर म्हणाली, आभाय त आमचंच होतं, त्याचे कायचे पैसे.

पायरी उतरताना ती थांबली.
दोन्ही फ्रेमा काखेत,
मान वर.
घरी गच्चीवर मिरच्या वाळत होत्या.